गावातले घर पाहुण्यांना देताना : होमस्टे नोंदणीचा क्रम आणि त्यात हमखास होणाऱ्या चुका

कोकणातले घर होमस्टे म्हणून द्यायचे ठरले की बहुतेक जण आधी फोटो काढून ऑनलाइन जाहिरात टाकतात, पाहुणे येऊ लागले की ग्रामपंचायतीत जातात, आणि शेजाऱ्याने तक्रार केली की मग कपाटातले जुने उतारे शोधू लागतात. हा क्रम पूर्णपणे उलटा आहे. यातला प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा राहतो. घराच्या उताऱ्यावर नाव चुकीचे असेल, तर ग्रामपंचायतीचा दाखला चुकीच्या नावाने मिळतो, तो दाखला पर्यटन संचालनालयाच्या अर्जाशी जुळत नाही, आणि अर्ज त्रुटी काढून परत येतो. पुढील टप्पे महाराष्ट्रातील ग्रामपंचायत हद्दीत राहते घर असलेल्या आणि त्यातल्या काही खोल्या पाहुण्यांना देऊ इच्छिणाऱ्या कुटुंबासाठी लिहिले आहेत. शहरातील सदनिका आणि गोव्यातील घर यांच्याबाबत जिथे फरक पडतो, तिथे तसे सांगितले आहे.

सुरुवातीपूर्वी : कोणते कार्यालय कशासाठी

ग्रामपंचायत घराची नोंद, घरपट्टी, बांधकाम आणि ना हरकत दाखला पाहते. महसूल खाते जमिनीचा वापर पाहते. पर्यटन संचालनालय घराला निवास व न्याहारी (बेड अँड ब्रेकफास्ट) योजनेखाली मान्यता देते. पाहुणा कोण आहे याच्याशी पोलिसांचा संबंध येतो, आणि पाहुणा परदेशी असेल तर इमिग्रेशन विभागाचाही. यांपैकी एकाची मान्यता दुसऱ्याच्या मान्यतेऐवजी चालत नाही. ‘पर्यटनचे प्रमाणपत्र आहे, आता ग्रामपंचायतीचे काय काम?’ हा प्रश्न जितका चुकीचा, तितकाच ‘ग्रामपंचायतीने दाखला दिला, आता कोण विचारणार?’ हाही चुकीचा आहे.

टप्पा १ : घराचे कागद एका नावावर आणि एका क्रमांकावर आणणे

सर्वांत जास्त वेळ या टप्प्यावर द्यावा, कारण अर्ज अडकतात ते बहुधा इथेच.

ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८ चा उतारा घ्यावा. हा कर आकारणी नोंदवहीचा उतारा असून त्यावर घर क्रमांक, मालकाचे नाव, भोगवटादाराचे (घर प्रत्यक्ष वापरणाऱ्याचे) नाव, बांधकामाचे वर्णन आणि क्षेत्र असते. तलाठी कार्यालयातला ८अ हा वेगळा कागद आहे. तो जमिनीच्या खात्याचा उतारा आहे आणि घराबद्दल काहीच सांगत नाही. नावांच्या साम्यामुळे नमुना ८ ऐवजी ८अ जोडण्याची चूक इतक्या वेळा होते, की अर्जाच्या गठ्ठ्यावर पेन्सिलीने ‘घराचा’ आणि ‘जमिनीचा’ असे लिहून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

उतारा हाती आला की चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, मालक म्हणून कोणाचे नाव आहे. कोकणातल्या जुन्या घरांवर निधन पावलेल्या आजोबांचे नाव अजूनही असणे अगदी सामान्य आहे. अशा वेळी मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि अर्ज देऊन वारसांची नोंद आधी करून घ्यावी. दुसरी, मालक आणि भोगवटादार वेगवेगळे आहेत का. तिसरी, प्रत्यक्षात उभे असलेले सगळे बांधकाम उताऱ्यात आहे का. मूळ माजघर, ओटी आणि पडवी नोंदलेली असते, पण मागच्या दारी बांधलेल्या दोन नव्या खोल्या आणि संडास-न्हाणीघर नोंदलेले नसते, आणि नेमक्या त्याच खोल्या पाहुण्यांना द्यायच्या असतात. चौथी, वीजबिलावरचे नाव आणि पत्ता या उताऱ्याशी जुळतो का.

नोंद नसलेल्या खोल्यांबाबत गैरसमज नको. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे बांधकामाला परवानगी लागते, आणि घरपट्टी लागली म्हणून विनापरवाना बांधकाम नियमित होत नाही. त्याचप्रमाणे नमुना ८ हा कराचा कागद आहे. मालकीवर वाद उभा राहिला तर खरेदीखत, वाटणीपत्र, वारस नोंद किंवा मालमत्ता पत्रक हेच दाखवावे लागते.

घर सामायिक असेल तर सर्व सहहिस्सेदारांचे लेखी संमतीपत्र घ्यावे. मुंबईतल्या भावाने फोनवर ‘तू कर, माझी हरकत नाही’ असे म्हणणे म्हणजे संमती नव्हे. संमतीपत्रात कोणत्या खोल्या द्यायच्या, उत्पन्न आणि दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा आणि कोणत्या दिवसांत घर पाहुण्यांना द्यायचे नाही, हे तिन्ही लिहावे. गणपतीत सगळे भाऊबंद घरी येतात आणि शिमग्यात पालखी अंगणात येते. ते दिवस आधीच बाजूला ठेवले नाहीत, तर भांडण पाहुण्याशी न होता घरातच होते, आणि मग तीच नाराजी तक्रार अर्जाच्या रूपाने ग्रामपंचायतीत पोचते.

*तपासणी : नमुना ८, वीजबिल, आधार आणि संमतीपत्र शेजारी ठेवून नावाचे स्पेलिंग, वडिलांचे नाव, घर क्रमांक आणि गाव-वाडी एकसारखी आहे का पाहा. एका जागी ‘खोत’ आणि दुसऱ्या जागी ‘खोतकर’ असेल, तर दुरुस्ती आत्ताच करा.*

टप्पा २ : घर नेमके कोणत्या जमिनीवर उभे आहे

घर गावठाणात असेल तर पुढच्या टप्प्यावर जावे. शेतजमिनीवर असेल तर थांबावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ प्रमाणे शेतजमिनीचा वापर शेतीखेरीज इतर कामासाठी करण्याला मर्यादा आहेत, आणि शेतघर म्हणून उभारलेल्या इमारतीत पर्यटक ठेवणे हा शेतीचा वापर ठरत नाही. सातबारावरील क्षेत्र, शेरे आणि अकृषिक आदेश (जमीन शेतीखेरीज वापरण्याची परवानगी) असल्यास त्याची प्रत काढून तहसील कार्यालयात खात्री करावी. शेती चालू असेल आणि पाहुण्यांना शेती दाखवणे हाच उपक्रमाचा गाभा असेल, तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखालील नोंदणी हा वेगळा मार्ग आहे. दोन्ही योजनांचे अर्ज एकाच घरासाठी एकाच वेळी भरून गोंधळ वाढवू नये.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा प्रश्न येतो. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन प्रकार आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता प्रति चौरस किलोमीटर २१६१ पेक्षा जास्त असलेल्या भागात समुद्राच्या भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंत, आणि त्याहून विरळ वस्तीच्या भागात २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असते. हीच अधिसूचना मच्छीमारांसह स्थानिक रहिवाशांना अस्तित्वातील घरात होमस्टे चालवण्याची मोकळीकही देते, मात्र घराचे जोते, रचना आणि दर्शनी भाग बदलता येत नाही. म्हणजे देवबाग किंवा हर्णैसारख्या किनाऱ्यावरच्या जुन्या घरातल्या दोन खोल्या देण्याचा मार्ग उघडा आहे, पण त्या घरासमोर पाहुण्यांसाठी नवी खोली किंवा मोठा व्हरांडा वाढवला तर ती सवलत हातची जाते. हा मुद्दा बारकाईने वाचावा, कारण ‘होमस्टेला सीआरझेड लागत नाही’ असे अर्धवट वाक्य गावोगाव फिरते आणि त्याच्या भरवशावर लोक जोते वाढवून बसतात.

*सावधान : भरतीरेषा डोळ्यांनी किंवा मोबाइलवरच्या नकाशाने ठरवू नका. मंजूर किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यातील नकाशावर आपला सर्व्हे क्रमांक शोधून त्याची प्रत फायलीत ठेवा.*

टप्पा ३ : खोल्या ठरवणे आणि घर तयार करणे

अर्ज करण्यापूर्वी कोणत्या खोल्या देणार हे निश्चित करून घराचा साधा, मापांसह आराखडा काढावा. घरच्यांचा वावर कुठे आणि पाहुण्यांच्या खोल्या कुठे, हे त्यात दिसले पाहिजे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या ‘इन्क्रेडिबल इंडिया’ निवास व न्याहारी योजनेत किमान १ आणि कमाल ६ खोल्या, जास्तीत जास्त १२ खाटा, आणि मालक कुटुंबासह त्याच घरात राहत असणे या अटी असून सिल्व्हर आणि गोल्ड असे दोन वर्ग आहेत. राज्याच्या योजनेसाठी खोल्यांची मर्यादा आणि शुल्क अर्जासोबतच्या चालू सूचनांत पाहून घ्यावे. मात्र घरचे माणूस घरात राहते, ही या सगळ्या कल्पनेचीच पायाभूत अट आहे. वर्षातले अकरा महिने कुलूप असलेले घर राखणदाराच्या हाती सोपवून ‘होमस्टे’ म्हणवणारे चाकरमानी इथेच अडखळतात. घरात राहणारा भाऊ, बहीण किंवा आई-वडील यांच्यापैकी कोणाच्या नावाने अर्ज करता येतो का, ते आधी पाहावे.

घराच्या तयारीत रंगरंगोटीवर पैसे आणि पाण्याकडे दुर्लक्ष, असे चित्र अनेकदा दिसते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा जिल्ह्यातील पाणी गुणवत्ता प्रयोगशाळेत तपासून घ्यावे आणि अहवाल जपून ठेवावा. जांभ्या दगडातून सांडपाणी सहज झिरपते, त्यामुळे संडासाचा शोषखड्डा विहिरीच्या चढाच्या बाजूला असेल तर पाहुणे वाढण्यापूर्वीच त्याची जागा बदलावी. उन्हाळ्यात विहीर आटत असेल तर टँकरच्या पाण्यावर सहा पाहुणे ठेवता येतील का, याचा हिशोबही आत्ताच करावा, कारण शेजाऱ्यांची पहिली तक्रार पाण्याचीच असते.

विजेसाठी अर्थिंग आणि गळती झाल्यास प्रवाह तोडणारा स्विच बसवून घ्यावा. गिझर असलेल्या न्हाणीघरात तर तो हवाच. प्रत्येक मजल्यावर मुदतीतले अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी ठेवावी. विहिरीला कठडा आणि जाळी असावी. स्वयंपाकाचा १४.२ किलोचा सिलिंडर घरगुती वापरासाठी दिलेला असतो. पाहुण्यांसाठी जेवणावळी चालवायच्या असतील तर व्यावसायिक जोडणी घ्यावी. जेवण किंवा न्याहारी पैसे घेऊन देणार असाल तर अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ खालील नोंदणीही या टप्प्यावरच करून टाकावी.

*तपासणी : आराखड्यातील खोल्यांची संख्या आणि नमुना ८ मधील बांधकामाचे वर्णन यांत फरक आहे का? असेल तर टप्पा ४ कडे जाऊ नका.*

टप्पा ४ : ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला

सरपंच ओळखीचे आहेत म्हणून तोंडी विचारून काम सुरू करणे ही या टप्प्यावरची ठरलेली चूक आहे. दाखला हवा असेल तर पुढील क्रमानेच जावे.

१. घरपट्टी आणि पाणीपट्टीची थकबाकी भरून, थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा. तो आणि नमुना ८ चा उतारा या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली ग्रामपंचायतीच्या अधिसूचित सेवा आहेत, त्यामुळे त्यांचा अर्ज रीतसर नोंदवून घ्यावा.

२. ना हरकतीसाठी स्वतंत्र लेखी अर्ज करावा. अर्जात घर क्रमांक, मालकाचे नाव, द्यायच्या खोल्यांची संख्या आणि ‘राहत्या घरातील निवास व न्याहारी’ हा हेतू स्पष्ट लिहावा. उतारा, आराखडा, संमतीपत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला जोडावा.

३. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असे समजावे.

४. विषय मासिक सभेपुढे ठेवण्याची विनंती करावी आणि मंजूर ठरावाची साक्षांकित प्रत मागून घ्यावी.

५. दाखला हाती आला की कार्यालयातच उभे राहून वाचावा.

वाचताना काय पाहायचे? ठराव क्रमांक आणि सभेची तारीख आहे का. फक्त सरपंचांची सही आहे की ग्रामपंचायत अधिकाऱ्याचीही. आणि हेतूच्या जागी काय लिहिले आहे. एका कुटुंबाच्या दाखल्यावर टंकलेखनाच्या सवयीने ‘लॉजिंग-बोर्डिंग व्यवसायास’ असे शब्द आले होते. त्या एका शब्दामुळे घराकडे व्यावसायिक इमारत म्हणून पाहिले गेले आणि पुढे करापासून विजेच्या वर्गवारीपर्यंत प्रत्येक ठिकाणी खुलासे द्यावे लागले. नवीन दाखल्यासाठी पुढच्या सभेची वाट पाहावी लागली, ती वेगळीच.

घरपट्टीची आकारणी इमारतीच्या वापरानुसार बदलू शकते. त्यामुळे पाहुण्यांच्या खोल्यांची आकारणी कोणत्या प्रकारात होणार, हे दाखल्यासोबतच लेखी विचारून ठेवावे. पर्यटन संचालनालयाचे नोंदणीपत्र मिळाल्यावर त्याची प्रत महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात देऊन विजेची दरवर्गवारीही लेखी निश्चित करून घ्यावी.

शहरातील सदनिकेसाठी हाच टप्पा गृहनिर्माण संस्थेतून सुरू होतो. भाडेकरू ठेवल्याची माहिती संस्थेला देणे वेगळे आणि दर दोन दिवसांनी नवे पाहुणे आणण्यासाठी संस्थेची ना हरकत मिळवणे वेगळे. पोटभाडेकरूबद्दलचा उपविधी दाखवून दुसरी गोष्ट साधत नाही. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता सदनिका भाड्याने देतो तेव्हा संस्था घेते ते) भरले की पाहुणे ठेवण्याचा हक्क मिळतो, हाही तितकाच चुकीचा समज आहे.

टप्पा ५ : पोलीस पडताळणी

अर्जदाराच्या चारित्र्य पडताळणीचा अर्ज लवकर टाकावा, कारण त्याची वेळ आपल्या हातात नसते. पडताळणीचा पत्ता आणि होमस्टेचा पत्ता एकच असेल असे पाहावे. गावच्या पोलीस पाटलांना आपण होऊन सांगून ठेवावे, म्हणजे रात्री उशिरा अनोळखी गाडी आली की गावात चर्चा कमी होते.

टप्पा ६ : पर्यटन संचालनालयाकडे अर्ज

पूर्वी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे असलेली निवास व न्याहारी योजना आता पर्यटन संचालनालयाकडे आहे. जुन्या माहितीच्या आधारे महामंडळाच्या नावे अर्ज करून पोच घेऊन येणारे लोक अजूनही भेटतात.

अर्जासोबत मालकीचे कागद, ना हरकत दाखला, पोलीस पडताळणी, वीजबिल, ओळखपत्रे, आराखडा आणि फोटो लावावे. फोटो जाहिरातीसारखे नसावेत. दर्शनी भाग, प्रत्येक खोली, प्रत्येक न्हाणीघर, स्वयंपाकघर, पाण्याची सोय आणि अग्निशामक हे त्यांत उजेडात, रिकाम्या स्थितीत दिसले पाहिजे. शुल्काचे चलन भरताना अर्जदाराचे नाव अर्जातल्यासारखेच लिहावे.

पाहणीच्या दिवशी घरात अर्जदार स्वतः असावा. कागदावर तीन खोल्या आणि प्रत्यक्षात पाच खोल्यांत गाद्या, असे आढळले तर ती गोष्ट लपत नाही. ‘त्या नंतर देणार आहोत’ हे उत्तरही उपयोगाचे नाही. त्रुटीचे पत्र आले तर फक्त मागितलेल्या मुद्द्यांना, त्याच क्रमाने, त्या पत्राचा क्रमांक लिहून उत्तर द्यावे. पुन्हा नवा अर्ज टाकू नये, कारण दोन अर्ज दोन टेबलांवर फिरतात आणि एकमेकांना अडवतात.

*सावधान : अर्जाची पोच म्हणजे नोंदणी नव्हे. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत ‘शासनमान्य’ हा शब्द पाटीवर किंवा जाहिरातीत लिहू नका.*

टप्पा ७ : जाहिरात आणि कर

आता जाहिरात द्यावी, आणि तीही प्रमाणपत्रावर असलेल्या खोल्यांचीच. घराचे नाव प्रमाणपत्रावर, पाटीवर आणि बुकिंग संकेतस्थळावर एकच असू द्यावे.

सेवा पुरवठ्यासाठी वस्तू व सेवा कर नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीची आहे. रोजचा दर ७५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे आणि त्यावर इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. मालक या मर्यादेखाली असल्यामुळे त्याला नोंदणी बंधनकारक नसेल, तर बुकिंग संकेतस्थळामार्फत आलेल्या पाहुण्यांवरील हा कर त्या संकेतस्थळाच्या कंपनीने भरायचा असतो. येथे एक चुकीचा निष्कर्ष नेहमी काढला जातो : कंपनी कर भरते, म्हणजे आपले घर सरकारदरबारी नोंदलेले आहे. कंपनीचा कर आणि ग्रामपंचायतीचा दाखला यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, आणि कंपनी आपल्या घराचे कागद तपासून देत नाही.

घर गोव्यात असेल तर जाहिरातीपूर्वीची नोंदणी ऐच्छिक मानूच नये. तिथे १९८२ च्या गोवा पर्यटन व्यापार नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याची नोंदणी बंधनकारक आहे. सुट्टीसाठी घेतलेली सदनिका उरलेल्या दिवसांत पर्यटकांना देणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मालकांनाही ती तितकीच लागू होते.

टप्पा ८ : प्रत्येक पाहुण्याची नोंद

पानांना क्रमांक असलेली बांधीव वही ठेवावी आणि तीत नाव, कायमचा पत्ता, फोन, ओळखपत्राचा प्रकार, येण्याची व जाण्याची तारीख-वेळ, वाहन क्रमांक आणि सही यांचे रकाने पाडावे. गटातील एकाचीच नोंद करून ‘आणि इतर चार’ असे लिहू नये. आधारची प्रत घ्यायची झाल्यास शेवटचे चारच अंक दिसणारी झाकलेली प्रत घ्यावी, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे पडू देऊ नये. पाहुण्यांच्या खोलीत कॅमेरा कोणत्याही कारणाने लावू नये.

परदेशी नागरिक उतरला तर त्याची माहिती, सी फॉर्म या नावाने सर्वपरिचित असलेल्या पद्धतीने, आगमनापासून २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायदा २०२५ मध्येही निवास देणाऱ्यावरची ही जबाबदारी कायम आहे. त्यासाठी इमिग्रेशन विभागाच्या पोर्टलवर घराचे खाते आधी उघडावे लागते, आणि ते पाहुणा दारात उभा असताना उघडत नाही, म्हणून प्रमाणपत्र मिळाल्याच्या आठवड्यातच करून ठेवावे. इथे भाषा फसवते. अस्खलित मालवणी बोलणारा, आजोळ वेंगुर्ल्याचे असलेला पाहुणा अमेरिकन पासपोर्टवर आला असेल, तर तो कायद्याने परदेशी नागरिकच आहे. पासपोर्ट पाहिल्याशिवाय ‘आपलाच माणूस’ म्हणून वहीत नोंदवलेला असा पाहुणा पुढे मालकालाच अडचणीत आणतो.

*तपासणी : रात्री वही बंद करताना आजच्या पाहुण्यांची संख्या आणि खाटांची संख्या जुळवा. पासपोर्टवर आलेला कोणी असेल, तर माहिती भरल्याची पोच छापून त्याच पानाला जोडा.*

नोंदणीनंतर काय बदलले तर काय कळवायचे

प्रमाणपत्राची मुदत संपण्याच्या तीन महिने आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी, कारण नूतनीकरणाला नवा थकबाकी नसल्याचा दाखला आणि अनेकदा नवी पोलीस पडताळणी लागते. खोली वाढवायची असेल तर परत टप्पा १ पासून सुरुवात करावी : आधी बांधकाम परवानगी, मग उताऱ्यातील नोंद, मग ग्रामपंचायतीचा सुधारित दाखला आणि शेवटी पर्यटन संचालनालयाला पत्र. ज्याच्या नावावर प्रमाणपत्र आहे त्या व्यक्तीचे निधन झाले, तर कुटुंबाने नवी बुकिंग घेणे थांबवून वारस नोंद करावी आणि संचालनालयाला लेखी कळवावे. आधी घेतलेली बुकिंग पूर्ण करायची की पैसे परत द्यायचे, हे त्या पत्राच्या उत्तरावरून ठरवावे.

ग्रामपंचायतीत नवी कार्यकारिणी आली की काही वेळा ‘जुना दाखला आता चालणार नाही’ असे तोंडी सांगितले जाते. अशा वेळी वाद न घालता तसे लेखी मागावे आणि ठरावाची साक्षांकित प्रत पुढे ठेवावी.